दोन सिलिंडरांचा संसार

"हे धूड विकून टाका, पोराची फी तरी सुटेल," असा सल्ला आमच्या आळीत वडिलांना नेहमी मिळतो. धूड म्हणजे १९८५ सालची राजदूत ३५०. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर. वडील सातवी शिकलेले. परंतु दोन्ही सायलेन्सरांमागे तळवे धरून कोणता सिलिंडर मागे पडतो, हे अचूक सांगतात. कार्ब्युरेटरांचा मेळ चुकला, की एक सिलिंडर राबतो नि दुसरा नुसता फरफटतो.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडीच 'व्हिंटेज' ठरते. म्हणजे आमची २०३५ साली! आणि तशी नोंद झाल्यावर ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. असला मान काय कामाचा? उभ्या गाडीचे ऑईल-सील कडक होतात, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा चिकटा धरतो. जुने यंत्र चालते ठेवले, तरच जगते.

घरातला पहिला कॉलेजकुमार मी. पूर्वी मीही 'विका'च म्हणत असे. एका रविवारी वडिलांनी माझा हात धरून सायलेन्सरामागे नेला. डावीकडचा झोत मंद होता. तो मला कळला! फीसाठी मी सुट्टीत काम करीन; पण ही विद्या कोणत्या वर्गात मिळणार?