मोकळे दार पुरेसे नाही

ऑक्टोबर २०२२ मध्ये ईलॉन मस्क यांनी सुमारे ४४ अब्ज डॉलरांना ट्विटर विकत घेतले आणि कोट्यवधी माणसांनी वर्षानुवर्षे जोडलेला गोतावळा एका व्यवहारासरशी नव्या धन्याच्या स्वाधीन झाला. त्याच डिसेंबरात प्रतिस्पर्धी माध्यमांवरील आपले पत्ते तेथे देण्यास मनाई झाली. टीकेचा भडिमार होताच ती मागे घेतली गेली. धनी भला की बुरा, हा येथे प्रश्नच नव्हे. गावची चावडी एकाच्या मालकीची असावी काय, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे तांत्रिक उत्तर तयार आहे. पुण्यात टाकलेले पत्र बर्लिनला पोचते, ते दोन्ही टपालखाती एका मालकाची आहेत म्हणून नव्हे, तर उभयतांना समान नियम मान्य आहेत म्हणून. जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने मान्यता दिलेला ‘ॲक्टिव्हिटीपब’ हा प्रोटोकॉल समाजमाध्यमांना हाच न्याय लावतो. त्यावर चालणाऱ्या मॅस्टोडॉनचे हजारो सर्व्हर निरनिराळ्या हाती आहेत. तरी एकावरील माणूस दुसऱ्यावरील माणसाशी बोलू शकतो.

परंतु नियम खुले झाले की सत्ता आपोआप विखुरते, हा समज भाबडा होय. ईमेलचे नियम १९८२ पासून सर्वांना खुले आहेत. पण बहुतेकांच्या टपालपेट्या आज मूठभर कंपन्यांच्याच घरी आहेत. ब्लूस्कायचा प्रोटोकॉल खाते अन्यत्र हलविण्याची मुभा देतो. त्याचे बहुसंख्य सभासद मात्र कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. आपल्याकडेही २०१९ साली ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर अनेक जण संतापून मॅस्टोडॉनकडे वळले. संताप निवळला तसा तो ओघही आटला.

कारण उघड आहे. सर्व्हर चालविणे म्हणजे वीज, पैसा आणि शिवीगाळ निपटून काढणारी जागती माणसे. हा भार कोणी तरी उचललाच पाहिजे. जर्मनीत सरकारी खात्यांसाठी संघीय माहिती-संरक्षण आयुक्तांनी असा सर्व्हर उभा केला. आपली विद्यापीठे, साहित्यसंस्था आणि वृत्तपत्रे (त्यात आम्हीही आलोच) यांनी हे काम परक्यावर का टाकावे? वर्गणी काढून गावोगाव ग्रंथालये उभारणाऱ्या महाराष्ट्राला ते अशक्य नाही. निघून जाण्याचा हक्क प्रोटोकॉल देतो. जाण्याजोगे दुसरे घर मात्र आपणच बांधले आणि राखले पाहिजे.