मोटारीला पांघरूण, माणसाला गारठा

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिवाळा उतरू लागला की तेथील सुखवस्तू वर्गाचा एक हिस्सा फ्लोरिडा किंवा ॲरिझोनाची वाट धरतो. मालक विमानाने निघतो. त्याची लाखमोलाची स्पोर्ट्‌स मोटार ट्रकमधून मागाहून येते. शिकागो ते मायामी हे अंतर सुमारे 2200 किलोमीटर. एवढ्या वेगवान मोटारीने हा रस्ता स्वतःच का तोडू नये, असा प्रश्न भाबड्या वाचकाला पडेल. उत्तर सोपे आहे. बर्फ वितळविण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने पत्रा गंजतो. या मोटारींचे उन्हाळी टायर थंडीत ताठरतात, त्यांची रस्त्यावरील पकड सुटते आणि कडाक्याच्या थंडीत त्यांना चिराही जातात. म्हणून मोटारीने घरात राहावे आणि घरानेच प्रवास करावा, अशी व्यवस्था केली जाते.

या घराची बडदास्त पाहण्यासारखी असते. चारही बाजूंनी बंद असलेला ट्रेलर. मोटारीचे जमिनीलगतचे नाक घासू नये म्हणून तिला आडवी उचलून आत घेणारी हायड्रॉलिक फळी. चाकांवरून घेतलेले मऊ पट्टे. चढविण्यापूर्वी अंगावरच्या ओरखड्या-ओरखड्याचे छायाचित्र आणि किमतीच्या मानाने उतरविलेला विमा. काही ट्रेलरांत तर आतले तापमानही राखले जाते. वस्तू जपून न्यावी याला आमचा आक्षेप नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्या ट्रकात मोटारीसाठी इतका विचार झाला, त्याच ट्रकाच्या पुढच्या भागात बसलेल्या माणसाचा विचार कोणी केला?

तेथील बहुसंख्य लांब पल्ल्याच्या चालकांना मजुरी मिळते ती मैलावर. चाक फिरले तर पैसा. चाक थांबले की पैसा थांबला. हिमवादळाने महामार्ग बंद झाला, माल चढविण्यासाठी तासन्‌तास तिष्ठावे लागले, तर तो काळ पुष्कळदा फुकट जातो. सलग 10 तासांच्या विश्रांतीनंतर 14 तासांच्या अवधीत 11 तासच गाडी चालवावी, असा नियम आहे. परंतु नियम तास मोजतो आणि मजुरी मैल मोजते. निसरड्या रस्त्यावर वेग कमी करणे हे शहाणपणाचे. पण त्या शहाणपणाचा दंड चालकाच्या खिशातून वसूल होतो. 1938 सालच्या अमेरिकन श्रमकायद्याने जादा कामाला दीडपट मजुरी ठरविली, आणि त्याच कायद्याने मालमोटारींच्या चालकांना तीतून वगळले. हा अपवाद काढून टाकण्याचे विधेयक 2022 साली मांडले गेले. ते संमत झाले नाही.

हे सारे कोणा प्रतिगाम्याचे कारस्थान होते असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. 1964 साली ट्रकचालकांच्या टीमस्टर्स संघटनेने देशव्यापी करार घडवून आणला आणि सुमारे चार लाख कामगारांचे वेतन एका सूत्रात बांधले. ही तटबंदी ढासळली ती 1980 साली, वाहतुकीवरील सरकारी नियंत्रण सैल करणाऱ्या कायद्यामुळे. त्यावर सही केली डेमोक्रॅट अध्यक्ष कार्टर यांनी आणि त्याचा पुरस्कार केला सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्यासारख्या उदारमतवाद्यांनी. युक्तिवाद ग्राहकहिताचा होता. जुन्या व्यवस्थेत वाहतूक कंपन्या संगनमताने दर ठरवीत, हा आरोप खोटाही नव्हता. परंतु मक्तेदारी मोडण्याच्या नावाने मोडली गेली ती कामगाराची सौदाशक्ती. अर्थशास्त्रज्ञ मायकेल बेल्झर यांनी 2000 साली या धंद्यावर लिहिलेल्या ग्रंथाला ‘चाकांवरचे घामगाळू कारखाने’ अशा अर्थाचे नाव दिले, ते उगाच नव्हे.

यावर ठरलेले उत्तर येते : चालक स्वतंत्र आहे, त्याने करार खुषीने केला आहे, नको असेल तर त्याने थांबावे. हे स्वातंत्र्य किती खरे आहे, ते 2009 सालच्या जानेवारीत इलिनॉय राज्यात दिसले. भर थंडीच्या रात्री एका चालकाच्या ट्रेलरचे ब्रेक गोठले. त्याच्या केबिनमधला हीटरही बंद पडला होता. माल लाखमोलाच्या मोटारीचा नव्हता, मांसाचा होता. मदतीची वाट पाहता पाहता त्याचे अंग बधिर झाले, पायांची जाणीव गेली. कंपनीचा आदेश एकच : माल सोडू नकोस. शेवटी त्याने ट्रेलर सोडविला आणि केवळ पुढचा ट्रक घेऊन जीव वाचविला. दुरुस्ती करणारे येताच तो परतलाही. तरी कंपनीने त्याला कामावरून काढले.

2016 साली अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी त्याच्या बाजूने निर्णय दिला. विरोधी मत न्यायमूर्ती नील गॉर्सच यांचे होते. कायदा गाडी चालविण्यास नकार देणाऱ्याला संरक्षण देतो, आणि या माणसाने तर गाडी चालविली, असा त्यांचा तर्क! पुढच्याच वर्षी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. तेव्हा चालकाच्या ‘थांबण्याच्या स्वातंत्र्या’चा अर्थ काय? थांबला तर गोठायचे, निघाला तर नोकरी गमवायची.

आपल्याकडील चित्र फार निराळे आहे असे कोणी समजू नये. येथे थंडीच्या जागी ऊन आहे, इतकेच. चाकणच्या कारखान्यांतून वातानुकूलित मोटारी देशभर नेणारा चालक वर्षानुवर्षे तापलेल्या केबिनमध्ये भाजत आला. ट्रकची केबिन वातानुकूलित असावी हा नियम आला, पण तो 1 ऑक्टोबर 2025 पासून बनलेल्या ट्रकांपुरता. रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या ट्रकांतील चालकांचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. थांबलेल्या प्रत्येक तासाची मजुरी, जादा कामाला जादा दर, आणि जिवाला धोका असेल तेथे माल सोडून निघण्याचा निर्विवाद हक्क. श्रीमंताच्या मोटारीवर ओरखडा उठला तर विमा कंपनी धावून येते. चालकाच्या मदतीला त्याची संघटना धावून आली पाहिजे, आणि ती उभी करण्याचे काम कार्यकर्त्यांखेरीज कोणीही करणार नाही.