लामत्याचा सिकलसेल रुग्ण आणि उसने संशोधन

सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने, प्राणवायू कमी पडला की पेशी ताठरते, विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि अकाली फुटते. अडकण्यातून हाडांत, छातीत, पोटात कळा उठतात; फुटण्यातून रक्तक्षय आणि कावीळ होते. आईवडील दोघेही वाहक, म्हणजे दवाखान्याच्या बोलीत ‘एएस पॅटर्न’चे असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, निघण्याची शक्यता चारांत एक असते.

अमेरिकेच्या १९८३च्या कायद्यानुसार दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेला आजार दुर्मिळ ठरतो. तिथे सिकलसेलचे रुग्ण सुमारे एक लाख असल्याने तो त्या यादीत बसतो. मध्य भारतात मात्र तो घरोघर ओळखीचा आहे. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेची सुरुवात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला झाली आणि तिच्यापुढे सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले गेले. बालाघाट जिल्ह्यातले लामता याच पट्ट्यात, गोंदिया-बालाघाट-नैनपूर-जबलपूर रेल्वेमार्गावर येते. १९५६पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. पुढे राज्यांची सीमा आखली गेली, तरी मोठ्या दुखण्याच्या वाटा बदलल्या नाहीत: एक दक्षिणेला गोंदिया-नागपूरकडे, दुसरी उत्तरेला जबलपूरकडे.

या भागातल्या रुग्णावर उपचार कशाच्या आधाराने करायचे, हा इथला वादाचा विषय आहे. स्थानिक पातळीवर उपचारांचे तौलनिक संशोधन करण्याची गरज नाही, असे मानणाऱ्यांचे पाच मुद्दे असतात. ते एकेक करून तपासता येतात.

पहिला मुद्दा: इकडचा सिकलसेल मुळातच सौम्य आहे. याला आधार नाही असे नाही. भारतात आणि अरबस्तानात आढळणारा सिकलसेलचा जनुक आफ्रिकेतल्या जनुकाहून स्वतंत्रपणे उद्भवला असावा, असे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय पाहणीत दिसले. या प्रकारात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन जन्मानंतरही बऱ्याच प्रमाणात टिकते आणि ते पेशी वाकू देत नाही. परंतु एवढ्यावरून ‘सौम्य’ हा निष्कर्ष काढताना दोन गोष्टी नजरेआड होतात. बाह्यरुग्ण विभागात येणारा प्रौढ रुग्ण हा जगलेला रुग्ण असतो. निदानाविना दगावलेले मूल कुठल्याच नोंदवहीत येत नाही. म्हणून आजाराचे खरे रूप पाहायचे तर जन्मापासून पाठपुरावा करावा लागतो. नागपूरच्या वैद्यकीय संशोधकांनी मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेच्या साथीने असा पाठपुरावा केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसले की काही बालकांना खरोखर फारसा त्रास होत नाही, तर काहींना लहानपणीच तीव्र रक्तक्षय, जंतुसंसर्ग आणि वेदनेचे झटके गाठतात. दुसरी गोष्ट अशी की गुजरातच्या आदिवासींत तुलनेने सौम्य दिसणारा आजार विदर्भात तसा राहत नाही. ‘आदिवासींचा आजार’ हे लेबलही अपुरेच आहे. शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ साली नागपूर भागातून सिकलसेलची नोंद केली, तीच मुळी आदिवासींपुरती मर्यादित नव्हती. तेव्हा ‘सौम्य’ हे सरासरीचे वर्णन आहे. समोरच्या मुलाला ते लागू पडेलच असे नाही.

दुसरा मुद्दा: परदेशात संशोधन झालेलेच आहे, तेच वापरावे. हायड्रॉक्सीयुरियाचे उदाहरण घेऊ. १९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत या औषधाने वेदनेच्या झटक्यांचे वार्षिक प्रमाण साडेचारवरून अडीचवर आले. हे ज्ञान साऱ्या जगाचे आहे. ते नाकारण्यात शहाणपण नाही. प्रश्न उरतो मात्रेचा. पाश्चात्त्य पद्धतीत रुग्णाला सोसेल तितकी मात्रा वाढवत नेतात आणि त्यासाठी रक्तातल्या पेशींची मोजणी वरचेवर करतात. युगांडातल्या मुलांवरच्या २०२०च्या चाचणीतही वाढती मात्रा ठरावीक मात्रेपेक्षा सरस ठरली. पण ती मुले आफ्रिकी जनुकाची होती. नागपुरात वेगळा प्रश्न विचारला गेला: गर्भीय हिमोग्लोबिन मुळातच जास्त असलेल्या इथल्या मुलांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम एवढी ठरावीक, कमी मात्रा पुरते का? तीव्र आजाराच्या ६० मुलांपैकी निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन अठरा महिने तुलना केली. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष औषधाच्या बाजूने गेला. लामत्यासारख्या गावात या फरकाचे मोल मोठे आहे. मात्रा कमी आणि ठरावीक असली की रक्ततपासणीसाठीच्या खेपा कमी होतात, रोजी बुडत नाही आणि औषध सुटत नाही. परदेशी चाचणीतून हे उत्तर मिळाले नसते, कारण तिथे हा प्रश्नच नव्हता.

तिसरा मुद्दा: रुग्ण थोडे असल्याने चाचणी जमत नाही, अनुभवी डॉक्टरचा हात पुरेसा आहे. हा दावा सर्वांत स्पष्टपणे शस्त्रक्रियेच्या बाबतीत कोसळतो. सिकलसेलच्या रुग्णावर शस्त्रक्रियेची वेळ अनेकदा येते. पेशी सतत फुटत राहिल्याने पित्ताशयात खडे होतात, प्लीहा वाढते, रक्तपुरवठा तुटल्याने खुब्याच्या हाडाचा गोळा झिजतो. अशा रुग्णाला टेबलावर घेतले की आजाराला हवी असलेली सारी परिस्थिती एकाच वेळी जुळून येते. तो आदल्या रात्रीपासून उपाशी आणि तहानलेला असतो, थिएटर थंडगार असते, भुलीखाली श्वास उथळ होतो, जखमेच्या दुखण्याने नंतरही खोल श्वास घेववत नाही. शरीर कोरडे पडणे, गारठणे आणि प्राणवायू घटणे, यांपैकी कोणतीही एक गोष्ट पेशी वाकवायला पुरते.

म्हणून शस्त्रक्रियेआधी रक्त द्यायचे का, आणि किती, हा कळीचा प्रश्न झाला. विकृत हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत रुग्णाचे रक्त बदलत राहावे, ही पद्धत अनेक अनुभवी डॉक्टरांना सुरक्षित वाटे. १९९५ साली अमेरिकेत ६०४ शस्त्रक्रियांच्या तुलनेत दिसले की हिमोग्लोबिन डेसिलिटरला १० ग्रॅमपर्यंत नेण्यापुरते साधे रक्त देणे तितकेच सुरक्षित आहे. उलट जास्त रक्त दिलेल्यांत रक्तामुळे होणारी गुंतागुंत दुप्पट, १४ टक्के, होती. मग लंबक दुसरीकडे गेला आणि आजच्या सुधारलेल्या भूलशास्त्रात रक्ताची गरजच काय, असा विचार पुढे आला. त्यालाही चाचणीनेच उत्तर दिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोप-कॅनडातल्या अभ्यासात आधी रक्त न दिलेल्या ३३ रुग्णांपैकी १३ जणांना महत्त्वाची गुंतागुंत झाली, रक्त दिलेल्या ३४ जणांपैकी फक्त ५ जणांना. ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम या जिवावरच्या विकाराचे दहा रुग्ण होते. त्यांतले नऊ रक्त न दिलेल्या गटातले. फरक इतका ठळक झाला की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. एकूण रुग्ण ६७. अनुभव दोन्ही वेळा दोन विरुद्ध दिशांना चुकला आणि दुसऱ्या वेळी तर शंभराच्या आतल्या रुग्णांच्या नीट आखलेल्या तुलनेने तो दुरुस्त केला. संख्या लहान असणे ही अडचण आहे, सबब नव्हे.

चौथा मुद्दा नैतिक आहे आणि म्हणून अधिक गंभीर: संशोधनाच्या नावाखाली गरिबांवर प्रयोग होतात. इतिहास या भीतीच्या बाजूने आहे. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात कृष्णवर्णीय पुरुषांचा उपदंश उपचाराविना केवळ पाहत राहण्यात आला. जवळचा इशारा गडचिरोलीचा आहे. सिकलसेलवरचे आपले सुरुवातीचे काम लोकांच्या गरजेपेक्षा संशोधकांच्या कुतूहलाचे होते, हे तिथल्या ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग यांनीच मोकळेपणाने मांडले आहे. पण या इशाऱ्यातून संशोधन बंद करा असा अर्थ निघत नाही. प्रश्न लोकांचा असावा आणि देखरेख कडक असावी, एवढाच निघतो. भारतात चाचणीची आगाऊ सार्वजनिक नोंदणी २००९पासून सक्तीची आहे. २०१९च्या नियमांत नैतिक समितीची मंजुरी, इजा झाल्यास भरपाई आणि दुर्बल घटकांबाबत ठरावीक चाचण्यांत संमतीचे दृक्-श्राव्य चित्रण यांची तरतूद आहे. बालाघाटच्या गोंड किंवा बैगा कुटुंबाकडून हिंदी कागदावर घेतलेला अंगठा म्हणजे संमती नव्हे. समजेल त्या बोलीत सांगून, नकाराची मोकळीक देऊन मिळालेला होकार म्हणजे संमती. शिवाय दुसरा अन्याय लक्षात घ्यायला हवा. तुलना न करता अंदाजाने दिलेला उपचार हाही प्रयोगच असतो; फक्त त्याची नोंद नसते, त्यावर समिती नसते आणि त्यातून पुढच्या रुग्णाला काही मिळत नाही.

पाचवा मुद्दा: नवी औषधे आणि जनुकीय उपचार येत आहेत, जुन्या प्रश्नांत वेळ का दवडावा? व्हॉक्सेलोटर हे औषध अमेरिकेत २०१९ साली हिमोग्लोबिन वाढते, एवढ्या आधारावर त्वरित मंजूर झाले. रक्ताचा आकडा सुधारला; रुग्णाचे हित मात्र सिद्ध व्हायचे होते. वेदनेचे झटके आणि मृत्यू यांच्याबद्दल चिंता निर्माण झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. २०१९लाच मंजूर झालेल्या क्रिझॅनलिझुमॅबचा लाभ पुढच्या मोठ्या चाचणीत दिसला नाही आणि युरोपात त्याची परवानगी २०२३ साली रद्द झाली. २०२३ अखेर ब्रिटन-अमेरिकेत मान्य झालेल्या जनुक-संपादन उपचाराचे यश खरे आहे. पण अमेरिकेतली त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे आणि त्याआधी घ्यावी लागणारी तीव्र केमोथेरपी मोठ्या रुग्णालयाशिवाय शक्य नाही. नव्या उपचाराचे स्वागत करावे. त्याच्या वाटेकडे डोळे लावून आजचा रुग्ण ताटकळत ठेवू नये.

पाचही मुद्द्यांचा निरास झाल्यावर मंडनाची बाजू उरते आणि तिच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, निदानाची साखळी पूर्ण व्हावी. गावपातळीवरच्या तपासणीत रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की नमुना पॉझिटिव्ह ठरतो. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत भेद करत नाही आणि नवजात बाळात तर ती फसवी असते. तो भेद इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीनेच कळतो. तिचा निकाल कुटुंबाच्या हाती पोहोचेपर्यंत तपासणी झाली असे म्हणू नये. लहान मुलांना वेळेत पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकोकसचा संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, असे १९८६ सालीच अमेरिकेत २१५ मुलांच्या चाचणीत सिद्ध झाले आहे. हा लाभ निदान लवकर झाले तरच पदरात पडतो.

दुसरी, सीमेच्या दोन्ही बाजूंना एकच नोंदवही असावी. लामत्याचा रुग्ण एकदा बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात, एकदा गोंदियात, एकदा जबलपूरला दाखल होत असेल, तर त्याची कहाणी तीन फाइलींत तुटते. एका जिल्ह्यात तुलनेपुरते रुग्ण नसतील. बालाघाट, मंडला, गोंदिया, भंडारा, नागपूर, गडचिरोली मिळून ते निश्चित आहेत. जबलपूरला आदिवासी आरोग्यावर काम करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची संस्था आहे, नागपूरला या आजाराचा दीर्घ अनुभव आहे. दोन्ही टोके गोंदियामार्गे त्याच रेल्वेने जोडलेली आहेत.

तिसरी, प्रत्येक शस्त्रक्रियेचा हिशेब ठेवावा: आधीचे हिमोग्लोबिन, दिलेले रक्त, सलाइन कधी सुरू केले, तीस दिवसांत काय झाले, वर्षाने खुबा वाकतो का. गर्भीय हिमोग्लोबिन जास्त असलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधी किती रक्त पुरेसे, हा प्रश्न रक्ताची चणचण असलेल्या जिल्ह्यांत रोजचा आहे आणि याच हिशेबातून त्याच्या चाचणीची आखणी होऊ शकते.

चौथी, यशाचे माप रुग्णाच्या बाजूने ठरावे. रक्तातला आकडा पुरेसा नाही, हे व्हॉक्सेलोटरने दाखवून दिले. वर्षात वेदनेचे दिवस किती, शाळा किती बुडाली, मजुरी किती गेली, काठीविना चालता येते का, ही मापे चाचणीच्या आराखड्यात पहिल्या ओळीत यावीत. २०१६च्या कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले, ते याच रोजच्या झिजेची दखल घेऊन. संशोधनानेही तिचीच दखल घेतली, तर बाहेरून उसने आणलेल्या ज्ञानात इथल्या रुग्णासाठी कोणते लागू आणि कोणते नाही, याचा निवाडा पुराव्याने होईल.