“वा, छान!” म्हणजे न पाहणं

मैत्रिणींनो, मुलांच्या लेगोच्या किल्ल्याला “वा, छान!” म्हणणं बंद करा. मीही तेच करत आले, म्हणून सांगते.

लेकीने पंधरा दिवस खपून मध्ययुगीन युरोपातला किल्ला रचला. मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, “मस्त गं!” तिने विचारलं, “काय मस्त?” मला एक गोष्ट सांगता येईना. पाहिलंच कुठे होतं मी!

संध्याकाळी तिचा मावसभाऊ आला. गुडघ्यांवर बसून म्हणाला, “घोडेस्वाराचं डोकं कमानीला आपटतंय. आणि बाणांच्या फटी बाहेरून अरुंद, आतून रुंद हव्यात. नाहीतर आतला तिरंदाज नेम धरणार कसा?” मी त्याच्यावरच डाफरले, “एवढी मेहनत केलीय तिने!” तोवर बाईसाहेबांनी दरवाजा उपसूनही काढला होता. कमान दोन विटा वर गेली.

आमच्या जाऊबाई म्हणाल्या, “पिवळा किल्ला कुठे असतो का?” तिथे मात्र लेक हटली नाही. १९७८ साली आलेला लेगोचा ३७५ क्रमांकाचा किल्ला पिवळाच होता, आणि तिला त्याचीच आठवण ठेवायची होती. काय घ्यायचं, काय सोडायचं, हे तिला कळत होतं.

“मुलं हिरमुसतात” असं आपण म्हणतो. खरं तर खाली बसायचा कंटाळा आपल्यालाच असतो. (“त्यापेक्षा अभ्यास कर” हा अभिप्राय नव्हे, हे वेगळं सांगायला नको.)

काल मी बसले. म्हटलं, “हा पहारेकरी जिन्याने जातो कुठे? वर तर दारच नाही.” ती क्षणभर गप्प झाली, मग विटांचा डबा ओढला.