दम्याचे नियंत्रण पीक-हंगामाशी जोडण्याची गरज

शेतकऱ्यांच्या आरोग्याचा विषय निघाला की सर्पदंश, फवारणीतील विषबाधा आणि यंत्रांमुळे होणारे अपघात यांची चर्चा प्रामुख्याने होते. दमा मात्र या यादीत क्वचितच येतो. तो शहरी प्रदूषणाचा किंवा आनुवंशिक आजार मानला जातो आणि शेतीशी त्याचा संबंध जोडला जात नाही. वस्तुतः मळणीची धूळ, साठवणीतील बुरशी, चुलीचा धूर, गाजर गवताचे परागकण आणि जाळलेल्या पिकांच्या अवशेषांचा धूर हे सारे दम्याचा त्रास वाढविणारे घटक आहेत. त्यांपैकी बहुतेकांची वेळ पिकांच्या वेळापत्रकावरून आधीच सांगता येते. म्हणूनच दमा नियंत्रणाचा प्रादेशिक कार्यक्रम केवळ आरोग्य विभागाचा न राहता त्यात कृषी विस्तार यंत्रणेचाही वाटा असला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी ४ लाख ५५ हजार मृत्यू या आजाराने झाले. आजाराच्या जागतिक भाराविषयीच्या अभ्यासानुसार जगातील सुमारे १३ टक्के दमारुग्ण भारतात आहेत. मृत्यूंमध्ये मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. या दोन आकड्यांमधील तफावत विचार करायला लावणारी आहे. दम्यामुळे होणारे बहुतेक मृत्यू टाळता येण्याजोगे असतात. योग्य औषध नियमितपणे न मिळणे हे त्यामागील एक प्रमुख कारण आहे.

दम्यामध्ये श्वासनलिकांना सतत सूज असते. ही सूज कमी करणारे औषध म्हणजे श्वासावाटे घ्यावयाचे अल्पमात्रेतील स्टेरॉइड. तात्काळ आराम देणारा पंप श्वासनलिका काही काळ मोकळ्या करतो, परंतु सूज तशीच राहते. दम्याच्या उपचाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून केवळ अशा तात्पुरत्या पंपावर विसंबून राहू नये, असे स्पष्ट केले आहे. ग्रामीण भागात मात्र धाप लागली की इंजेक्शन, गोळी किंवा सलाइन घ्यावयाचे आणि बरे वाटताच उपचार सोडावयाचे, हीच पद्धत दिसते. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे आजाराची अखेरची पायरी, अशा समजुती आजही घट्ट आहेत. प्रत्यक्षात पंपातील औषध थेट फुप्फुसात पोहोचते, त्याची मात्रा गोळीच्या तुलनेत कितीतरी कमी असते आणि त्याचे व्यसन लागत नाही.

एखाद्या प्रदेशाने ठरविल्यास परिस्थिती बदलू शकते, याची उदाहरणे आहेत. फिनलंडने १९९४ ते २००४ या काळात राष्ट्रीय दमा कार्यक्रम राबविला. आरोग्य केंद्रांमध्ये दम्याची जबाबदारी विशिष्ट डॉक्टर व परिचारिकांवर सोपविण्यात आली आणि औषध विक्रेत्यांनाही प्रशिक्षण देण्यात आले. दहा वर्षांत दम्यामुळे रुग्णालयात काढावे लागणारे दिवस निम्म्याहून कमी झाले. फिनलंड श्रीमंत देश आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु ब्राझीलमधील बाहिया राज्याच्या साल्वादोर शहरात २००३ पासून तीव्र दम्याच्या रुग्णांना मोफत औषधे व प्रशिक्षण देण्यात आले आणि तीनच वर्षांत शहरातील दम्यामुळे होणारी रुग्णालयातील भरती सुमारे तीन चतुर्थांशाने घटली. या दोन्ही ठिकाणी यशाचा आधार साधाच होता : नियमित औषध, ते घेण्याची योग्य पद्धत आणि पाठपुरावा.

भारतातही पाया घातला गेला आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात दीर्घकालीन श्वसनविकारांचा समावेश झाला आहे. केरळने ‘आर्द्रम’ मोहिमेअंतर्गत ‘श्वास’ या उपक्रमाद्वारे श्वसनविकारांची तपासणी व उपचार कुटुंब आरोग्य केंद्रांपर्यंत नेले. आशा कार्यकर्ती तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी जो नमुना भरते, त्यात स्वयंपाकाच्या इंधनाविषयी आणि पिकांचे अवशेष जाळण्याच्या धुराविषयीही प्रश्न आहेत. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते. परंतु अठरा ते तीस या वयोगटातील तरुण या दोन्हींच्या मध्ये राहून जातात. मळणी यंत्रावर पेंढ्या लावणारे, पोती उचलणारे आणि ऊसतोडीला जाणारे हात पुष्कळदा याच वयाचे असतात.

येथे कृषी विस्तार यंत्रणेचे काम सुरू होते. पंजाब व हरियाणात भात कापणीनंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर, ऊस पट्ट्यात पाचट पेटविण्याचा काळ, गहू, हरभरा व सोयाबीनच्या मळणीचे दिवस, पावसाळ्यात गाजर गवत फुलण्याचा काळ, या साऱ्याची माहिती कृषी विज्ञान केंद्रांकडे असते. प्राथमिक आरोग्य केंद्राने याच वेळापत्रकानुसार एक महिना आधी सूज कमी करणाऱ्या पंपांचा साठा करावा. ज्ञात रुग्णांचा उपचार हंगामापूर्वी तपासून घ्यावा. ग्रामीण कृषी हवामान सेवेचा सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. त्यात हंगामानुसार दमारुग्णांसाठी एक ओळ जोडण्यास फारसा खर्च येणार नाही.

शेतावर जाणाऱ्या विस्तार कार्यकर्त्याने आजाराचे निदान करावयाचे नाही. त्याने चार प्रश्न मात्र अवश्य विचारावेत. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा त्रास झाला काय? रात्री दम्यामुळे जाग आली काय? तात्काळ आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा घ्यावा लागला काय? दम्यामुळे कामात अडथळा आला काय? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असल्यास दमा पूर्ण नियंत्रणात नाही, असे समजून त्या व्यक्तीस आरोग्य केंद्रात पाठवावे. मळणीच्या वेळी दमारुग्णाने यंत्राच्या तोंडाशी किंवा भुशाच्या झोतात उभे राहू नये, वाऱ्याच्या वरच्या बाजूस थांबावे आणि चांगल्या प्रतीचा मास्क वापरावा. गाजर गवत फुलोऱ्यापूर्वी उपटावे. ते काम दमारुग्णाकडे देऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांवर आधीच अनेक योजनांचा भार आहे, हा आक्षेप रास्त आहे. मात्र येथे नवी योजना अपेक्षित नाही. शेतकरी मेळाव्यातील दहा मिनिटे आणि तालुका स्तरावर दोन विभागांची हंगामापूर्वी एक बैठक पुरेशी आहे. अवशेष जाळण्याच्या प्रश्नावरही केवळ शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. भात कापणी व गहू पेरणी यांच्यामध्ये त्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. त्या मुदतीत हॅपी सीडरसारखे यंत्र भाड्याने मिळाले तरच काडी पेटविण्याचे टळते. पाचट आच्छादन किंवा अवशेष जमिनीत मिसळणे यांचा प्रचार सेंद्रिय कर्बासाठी केला जातो. त्यास आरोग्याच्या कारणाची जोड दिल्यास घरातील स्त्रियाही त्या निर्णयात आग्रहाने सहभागी होतील.

कार्यक्रमाचे यश किती पंप वाटले यावर मोजू नये. हंगामात किती रुग्णांना तातडीने रुग्णालयात न्यावे लागले, किती जणांची मजुरी बुडाली आणि किती जण रात्री शांत झोपू शकले, हे त्याचे खरे मोजमाप होय. शेतकऱ्याचा श्वास हीदेखील उत्पादनाची निविष्ठाच आहे, एवढे भान कृषी व आरोग्य या दोन्ही विभागांनी ठेवले, तर येत्या हंगामापासूनच प्रारंभ करता येईल.