पहार, वही आणि मोबाईल



गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी खात्याच्या माणसाला दिवसभर एकच प्रश्न ऐकावा लागतो, "साहेब, आमच्या उसाला तोड कधी?" प्रश्न रास्त आहे. पण तोड होऊन गेल्यावर त्या रानात पुढे काय करायचे, हे विचारणारे सभासद थोडे. त्या थोड्यांपैकी एका घरची हकिकत सांगावी आणि त्या निमित्ताने चार शब्द लिहावेत, असे आमच्या मनात आहे.

गेल्या हंगामात खोडव्याची पाहणी करीत फिरत असता एका रानात आम्ही थबकलो. शेजारच्या दोन रानांत पाचट पेटवून काळे केलेले, येथे मात्र ते सरीत नीट पसरलेले. आबा पहारीने खड्डे घेत होते आणि मागून सूनबाई खत टाकून खड्डा बुजवीत होत्या. पहारीला टोकापासून सात इंचांवर लोखंडी कडे वेल्डिंगने बसवलेले दिसले. "हे काय, आबा?" आम्ही विचारले. आबा म्हणाले, "तुमच्या कागदात सहा ते आठ इंच खोल लिवलंय न्हवं? शंभर-दोनशे खड्डं मारलं की हात थकतो, मग खड्डा चारच इंच पडतो. आता कडं जमिनीला टेकलं की समजायचं, झालं काम."

सूनबाईंच्या हातात प्लास्टिकचे एक टोपण होते. त्यावर आतून रंगाची रेघ. त्यांनी वही दाखवली. खोडव्याला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश. निम्मे खत पहिल्या १५ दिवसांत एका बाजूला आणि उरलेले निम्मे १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूला. म्हणजे एकरी पहिल्या हप्त्याला युरिया अडीच पोती, सिंगल सुपर फॉस्फेट तीन पोती आणि म्युरेट ऑफ पोटॅश ४० किलो, मिळून सुमारे ३०० किलो. चार फुटी सरी, फुटाफुटावर खड्डा, म्हणजे एकरात जवळजवळ ११ हजार खड्डे. तेव्हा एका खड्ड्याला २७-२८ ग्रॅम. एवढे खत त्यांनी दुकानच्या काट्यावर तोलून टोपणात ओतले आणि रेघ मारली. युरिया आणि सुपर आधी मिसळून ठेवले तर पाणी सुटते, म्हणून लागेल तेवढेच आयत्या वेळी मिसळत होत्या.

हे सर्व आमच्याच खोडवा पत्रकात होते, ओल सुटण्याची सूचनासुद्धा. परंतु पत्रकात हिशेब हेक्टरचा आणि किलोचा. शेतकरी बोलतो एकरात आणि पोत्यात. ही सांधेजोड त्या माउलीने चुलीपुढे बसून केली. आम्ही ती छापायच्या आधीच करायला हवी होती. ही आमची चूक, ती आम्ही कबूल करतो. आणखी एक. युरियाचे पोते पूर्वी ५० किलोचे होते, २०१८ पासून ४५ किलोचे झाले. तरी पुष्कळ सभासद अजून जुन्याच सवयीने पोती मोजतात. पाच पोती टाकली म्हणजे अडीचशे किलो, असा समज. प्रत्यक्षात पडतात २२५ किलो.

"पुस्तकात काय ऊस उगवतो व्हय?" असे आम्हांस नेहमी ऐकवले जाते. नाही उगवत, कबूल. पण पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ सालापासून काम करते आहे. तेथे वर्षानुवर्षे रानात जे पाहिले, मोजले, तेच कागदावर आले. म्हणजे पुस्तक ही दुसऱ्याच्या रानातली अक्कल आपल्या घरी येण्याची वाट आहे. मात्र पुस्तकाला तुमची सरी किती फुटी, तुमचा हात कधी थकतो, हे माहीत नसते. तेथे आपले डोके लागते. आबांचे कडे आणि सूनबाईंचे टोपण कोणत्याही पुस्तकात नाही. पण पुस्तक वाचले नसते तर दोन्ही सुचलेही नसते.

आता यंत्राचे. मोबाईलवरून मोटर चालू-बंद करण्याची सोय बहुतेकांनी केली आहे. रात्रीच्या विजेला अंधारात विंचवा-काट्यातून जाणे वाचले, ही मोठीच गोष्ट. परंतु मोटर घरातून सुरू होते, वाफसा घरातून दिसत नाही. पाणी भरपूर दिले म्हणून ऊस भरपूर येत नाही, उलट रान चोपण होत जाते. बारामतीला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने ऊसशेतीचे प्रयोग झाले आहेत. चांगली गोष्ट आहे, पुढेमागे आपल्याकडेही ते येईल. पण त्या यंत्रालाही लागणीची तारीख, मातीचा अहवाल, दिलेले खत हे सांगावेच लागते. ज्याच्या घरी साधी वही नाही, तो त्याला काय सांगणार?

आणि त्याच मोबाईलवर कोणी अनोळखी माणूस बाटली दाखवून एकरी शंभर टनांची हमी देतो, की आपण ती आणतो! त्यात काय आहे, हे वाचतही नाही. मातीची तपासणी करा म्हटले की मात्र "पुढच्या वर्षी बघू."

पहारीचे काम कष्टाचे आहे, मजूर मिळत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण एकरी तीन-चार टन पाचट एका काडीने राख करायचे आणि मग शेणखत विकत शोधत फिरायचे, हा कोणता हिशेब? खत उघड्यावर फेकले तर त्यातले किती मुळाला गेले आणि किती वाया, याचाही विचार व्हावा.

तेव्हा सभासदांना आमची विनंती एवढीच. प्रत्येक प्लॉटची एक वही घाला. लागण, पाणी, खत, फवारणी आणि शेवटी वजन, एवढेच लिहा. घरातल्या शिकत्या पोराला किंवा सुनेला ते काम द्या, आणि त्यांचा सल्लाही ऐका. नव्या खोडवा पत्रकात आम्ही एकराचा आणि पोत्यांचा हिशेब छापू. गट कचेरीत ते मिळेल, न्यावे आणि वाचावे. आबांच्या कड्यासारखी काही युक्ती आपण केली असेल तर कळवावी, या अंकातून ती सर्वांपर्यंत पोचवू. एकाची अक्कल हजारांच्या रानात जावी, यासाठीच तर सहकार आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते