सहाशे तासिकांची भाषा

निर्वासितांविषयी लिहिताना आपण सीमा, छावण्या आणि कायदे यांविषयी बोलतो. माणूस एकदा सीमेच्या आत आला, त्याला छप्पर मिळाले, की विषय संपला असे मानण्याकडे आपला कल असतो. प्रत्यक्षात त्यानंतर एक लांबलचक आणि फारसा न दिसणारा टप्पा सुरू होतो : चाळिशीतल्या माणसाने नवी भाषा शिकण्याचा. हे शिक्षण कसे आखावे, हा प्रश्न आपण शासकीय अधिकाऱ्यांवर आणि भाषाशिक्षणतज्ज्ञांवर सोपवून मोकळे होतो. साहित्याच्या अभ्यासकांनीही त्यात लक्ष घातले पाहिजे असे मला वाटते. कारण 'भाषा येणे म्हणजे नेमके काय?' हा आपलाच प्रश्न या आखणीच्या मुळाशी आहे.

जर्मनीचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. महायुद्धानंतर कामगारांची टंचाई भरून काढण्यासाठी पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी करार केले. आलेल्यांना 'पाहुणे कामगार' म्हटले गेले. पाहुणा परत जाणार हे गृहीतच असते. मग त्याला भाषा शिकवायची कशाला? काही संस्थांनी वर्ग चालवले, हे खरे. परंतु परदेशातून आलेल्या प्रौढांसाठी देशभर एकसारखा, कायद्याचा आधार असलेला अभ्यासक्रम सुरू व्हायला २००५ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात माणसे शिकली ती आपापल्या बळावर. एमिने सेवगी ओझदामार ही लेखिका १९६५ साली कारखान्यात काम करण्यासाठी तुर्कस्तानातून बर्लिनला आली, तेव्हा तिला जर्मन येत नव्हते. तिच्या १९९८ सालच्या कादंबरीतली नायिका वृत्तपत्रांचे मथळे अर्थ न कळता पाठ करते आणि कोणी काही विचारले की त्याच मथळ्यांनी उत्तरे देते. हसू येते, आणि पाठोपाठ त्यातला एकटेपणाही जाणवतो. पुढे याच लेखिकेला २०२२ साली जर्मन साहित्यातला मानाचा ग्योर्ग ब्युशनर पुरस्कार मिळाला. या उदाहरणावरून 'शिकणारा शिकतोच, आखणीची गरज काय?' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो चुकीचा ठरेल. तिच्यापाशी नाटकाची आवड होती, शब्दांचे वेड होते. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या कितीतरी बायका आयुष्यभर त्या मथळ्यांपलीकडे जाऊ शकल्या नसतील. अपवादावरून धोरण ठरवता येत नाही.

आता आजच्या आखणीकडे पाहू. जर्मनीच्या या अभ्यासक्रमात सर्वसाधारणपणे पंचेचाळीस मिनिटांच्या सहाशे तासिका भाषेसाठी आणि शंभर तासिका तिथल्या कायद्याच्या, इतिहासाच्या व समाजजीवनाच्या ओळखीसाठी असतात. उद्दिष्ट 'बी १' ही पातळी. युरोप परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक चौकटीतल्या सहा पातळ्यांपैकी ही तिसरी. २०१५ साली सुमारे नऊ लाख माणसे आश्रयासाठी जर्मनीत आली, तेव्हा ही यंत्रणा तयार होती म्हणूनच मोठ्या संख्येने वर्ग उभे राहू शकले. याचे श्रेय त्या देशाला दिलेच पाहिजे.

पण तासिका आणि पातळी ठरली की आखणी पूर्ण झाली, असे होत नाही. अशी कल्पना करा की सीरियातला एक अभियंता आणि अफगाणिस्तानच्या खेड्यातली, कधीही शाळेत न गेलेली एक आई एकाच दिवशी जर्मनीत पोहोचली आहेत. अभियंत्याला शिकायची आहे ती नवी लिपी. या बाईला 'लिपी' ही कल्पनाच नव्याने शिकायची आहे : उच्चारलेला आवाज कागदावर खूण होऊन उतरतो, ही कल्पना. तीही ज्या भाषेत ती स्वप्नात बोलत नाही, त्या भाषेत. दोघांसाठी वेगळे वर्ग आणि तिच्यासाठी अधिक तासिका जर्मनीत आहेत. तरीही मोजपट्टी मूळची साक्षरांसाठी बनवलेली. २००१ सालच्या त्या चौकटीने शिकणाऱ्याला वाचता-लिहिता येते हे गृहीतच धरले होते. अशा प्रौढांसाठी साक्षरता आणि दुसरी भाषा यांचा एकत्र विचार करणारा स्वतंत्र मार्गदर्शक दस्तऐवज युरोप परिषदेने काढला तो २०२२ साली. मधली एकवीस वर्षे जी माणसे मागे पडली, त्यांच्या प्रगतिपुस्तकावर 'अनुत्तीर्ण' हाच शेरा राहिला. वास्तविक तो शेरा मोजपट्टीवर मारायला हवा होता.

दुसरा मुद्दा पाठ्यपुस्तकाचा. परकी भाषा शिकवणारी पुस्तके ठरलेल्या क्रमाने जातात : तुमचे नाव काय, तुम्ही कुठून आलात, घरी कोण कोण असते, मागच्या सुट्टीत कुठे गेला होता. पर्यटकाला किंवा विद्यार्थ्याला हे प्रश्न सोपे आहेत. ज्याचे घर उरलेले नाही, ज्याचा भाऊ कुठे आहे हे त्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी तिसऱ्याच धड्यातला 'माझे कुटुंब' हा पाठ व्याकरणाचा सराव राहत नाही. शिवाय 'तुम्ही कुठून आलात?' हा प्रश्न त्याला आधी अधिकाऱ्याने टेबलापलीकडून विचारलेला असतो. तोच प्रश्न शिक्षकाच्या तोंडून आला की वर्ग आणि चौकशीची खोली यांतले अंतर पुसले जाते.

युरोप परिषदेने २०१७ साली निर्वासितांना भाषेची मदत करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी एक साधनसंच सात भाषांत उपलब्ध करून दिला. त्यातला एक उपक्रम मला विशेष वाटतो. शिकणाऱ्याला मानवी आकृतीची रेखाकृती द्यायची आणि त्याच्या प्रत्येक भाषेसाठी एक रंग निवडून तो आकृतीत हवा तिथे भरायला सांगायचे. कोणी मातृभाषा छातीत ठेवील, कोणी व्यापाराची भाषा हातात, कोणी प्रार्थनेची भाषा डोक्यात. कृती लहान आहे, पण तिने वर्गाचे गृहीतच बदलते. 'याला भाषा येत नाही' इथून सुरुवात होण्याऐवजी 'याला कोणकोणत्या भाषा येतात' इथून होते. आखणीचा पहिला दिवस असा असावा.

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रत्येकाच्या कलाने घेतले तर दुबळ्यांना कायम खालच्या पायरीवर बसवून ठेवल्यासारखे होणार नाही का? नेदरलँड्समध्ये २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने तीन वाटा आखल्या आहेत : 'बी १' पातळीची, पुढील शिक्षणाची आणि या दोन्ही न झेपणाऱ्यांसाठी परीक्षेविना 'स्वावलंबना'ची. तिसऱ्या वाटेवर माणूस टाकला की तो तिथेच राहील, ही भीती निराधार नाही. म्हणून वाटा वेगळ्या असाव्यात, पण वरच्या वाटेला जाणारे दार प्रत्येक टप्प्यावर उघडे असावे. मुख्य म्हणजे वेळ द्यावा. ऑस्ट्रेलियाने स्थलांतरितांसाठी १९४८ साली सुरू केलेल्या इंग्रजीच्या कार्यक्रमात दीर्घकाळ ५१० तासांची मर्यादा होती. २०२१ साली ती काढून टाकण्यात आली. माणसाला भाषा कधी येईल हे आधीच ठरवता येत नाही, हे कबूल करायला एका देशाला इतका काळ लागला.

हा प्रश्न परदेशाचा आहे म्हणून आपण सुटत नाही. महाराष्ट्रात इतर राज्यांतून येणारी माणसे निर्वासित नाहीत, या देशाचे नागरिक आहेत. हा फरक मोठा आहे. तरी 'त्यांना मराठी आलीच पाहिजे' असे आपण म्हणतो तेव्हा त्यांच्या शिकण्याची आखणी आपण केली आहे का? २०१५ साली रिक्षा-परवान्यासाठी मराठीची अट पुढे आली आणि २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यासंबंधीचे परिपत्रक रद्द ठरवले. त्या सगळ्या वादात चाचणीची चर्चा जितकी झाली, तितकी वर्गाची झाली नाही. दिवसभर रिक्षा चालवणाऱ्याने किती वाजता, कुठे, कोणत्या पुस्तकातून शिकावे, हे विचारणारे थोडेच होते.

शिकवण्याआधी तपासणे हा भाषेवरच्या प्रेमाचा पुरावा नव्हे. भाषा हे यजमानाने उघडायचे दार आहे. तिचे कुलूप करायचे ठरवले, तर पाहुणा बाहेर राहील. आणि घरातल्यांनाही त्याच्या भाषांतले काहीच ऐकू येणार नाही. मराठीच्या आणि इतर भाषांच्या प्राध्यापकांनी असा एखादा वर्ग प्रत्यक्ष आखून पाहावा. आपल्याला आपली भाषा कितपत ठाऊक आहे, हे तिथे पहिल्याच तासाला कळेल.